विसाच्या खुणेपर्यंत

"टोचली का?" अण्णांनी विचारलं.

"टोचून काढलीसुद्धा," आई म्हणाली.

अण्णा बनियन वर धरून तसेच बसून राहिले. पोटावर उजव्या अंगाला बोटांनी चाचपून पाहिलं आणि माझ्या दिशेने तोंड करून हसले. "हेमा, खरंच कळलं नाही बघ. मुंगी चावली तरी यापेक्षा जास्त कळतं."

दसऱ्याची सकाळ होती. सिरिंजचं ते खोकं घेऊन मी आदल्या संध्याकाळी पुण्याहून बार्शीला आले होते. माझ्या ऑफिसातल्या मृदुलाची नणंद अमेरिकेहून आली होती. तिलाही मधुमेह होता. परत जाताना तिने शंभर सिरिंजचं एक न फोडलेलं खोकं मागे ठेवलं. "तुझ्या वडिलांना होतील," म्हणून मृदुलाने ते माझ्या हातात दिलं. केसासारखी सुई, सडपातळ नळी, वर नारिंगी टोपण. आमच्याकडे यायच्या त्या लाल टोपणाच्या, जाड सुईच्या, आणि आई एकच सिरिंज चार-पाच दिवस वापरायची. शेवटी शेवटी सुई बोथट व्हायची. अण्णा तोंडाने काही बोलायचे नाहीत, पण सुई आत जाताना त्यांच्या पायाचा अंगठा आक्रसायचा. लहानपणापासून मी तो अंगठा बघत आले होते.

अण्णांना चौतिसाव्या वर्षी साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, म्हणून वर्षाच्या आतच इन्सुलिन लागलं. वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःला टोचून घेतलं, सकाळी वीस युनिट, संध्याकाळी दहा. एक दिवस खाडा नाही. मग डोळे गेले. आंधळे नाही झाले, पण आकडे, अक्षरं, सुईचं टोक, सगळं धुक्यात गेलं. तेव्हापासून तीन वर्षं आईच औषध भरत होती.

"नळी फारच बारीक आहे गं," पहिल्यांदा भरताना आईने सिरिंज खिडकीकडे धरली होती. "मला आपली मोठी सवयीची."

"बारीक आहे म्हणूनच दुखत नाही. तू नळी नको बघू, आकडा बघ. हा बघ, वीस लिहिलंय ना? त्या खुणेपर्यंत ओढायचं."

"वीस," आई म्हणाली. तिने विसाच्या खुणेपर्यंत ओढलं, आणि मग अण्णांनी विचारलं, टोचली का.

जुन्या सिरिंजा मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकून दिल्या. दुसऱ्या दिवशी पुण्याला परतताना अण्णा मला सोडायला स्टँडपर्यंत चालत आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. "एवढ्या वर्षांत कुणाला सुचलं नाही," ते म्हणाले, "तुला सुचलं."

दिवाळीला मी आले ती नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी. मध्ये तीन आठवडेसुद्धा पुरते गेले नव्हते. दार अण्णांनीच उघडलं आणि मला क्षणभर वाटलं, घरी कुणी पाहुणे आलेत. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. गालांची हाडं वर आली होती.

"अण्णा, काय हे?"

"काही नाही, जरा अशक्तपणा आहे. आत ये. पाणी घेशील?" असं म्हणत ते माठाकडे गेले आणि आधी स्वतःच दोन तांबे पाणी प्यायले.

स्वयंपाकघरात आई बेसन भाजत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ते चोरून खातायत."

"कोण? अण्णा?"

"आठ दिवस झाले, नळी रोज विटकरी येतेय."

नळी म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांनी एकतीस वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. सर फळ्यावर लिहायचे, पण कुठलं द्रावण किती घालायचं आणि ज्योत किती ठेवायची हे मुलांना अण्णा दाखवायचे. घरी त्यांनी मोरीजवळच्या फळीवर परीक्षानळ्या आणि स्पिरिटचा दिवा ठेवला होता. सकाळी निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी म्हणजे हाताबाहेर. आमच्याकडे नळी बहुतेक हिरवीच असायची. सणासुदीला एखाद्या वेळी पिवळी. विटकरी मी जन्मात दोनदा पाहिली असेल, दोन्ही वेळा तापात.

"इंजेक्शन देतेस ना वेळेवर?"

"म्हणजे काय? वीस आणि दहा. आकडा बघूनच." आईने झारा कढईच्या काठावर आपटला. "आणि भूक बघ त्यांची. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या की तासाभराने परत मागतात. मी बंद केलंय सगळं. सकाळी एक, रात्री अर्धी, आणि पातळ भाजी. साखर वाढलीय तर खायला घालून कसं चालेल?"

मी फ्रिज उघडला. औषधाची बाटली दारात उभी होती. आईने माझ्या खांद्यावरून बोट दाखवलं. "या सुयांनी औषध मात्र वाया जात नाही हं. एरवी तेरा-चौदा दिवसांत संपते. ही दसऱ्याला फोडली, अजून तळ दिसला नाही."

मला बरं वाटलं होतं ते ऐकून.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं अभ्यंगस्नान झालं. मी अण्णांच्या पाठीला उटणं लावलं तर बरगड्या हाताला लागल्या. फराळाची ताटं मांडली. अण्णांच्या ताटात आईने चिवडा आणि एक चकली ठेवली. दरवर्षी अण्णा अर्धा बेसनाचा लाडू खायचे. वर्षातून तेवढाच. यंदा आईने तोही ठेवला नाही. अण्णांनी ताटावर हात फिरवला आणि चिवडा खाल्ला. मग म्हणाले, "एखादी भाकरी असेल का गं?"

"नाही," आई म्हणाली.

"अगं, मला खरंच भूक लागलीय."

"भूक लागत नाही ती, जीभ मागते."

अण्णा माझ्याकडे वळले. "हेमा, तू तरी ऐक. साखर वाढली की भूक वाढतेच. रक्तात साखर भरपूर असते, पण इन्सुलिन नसेल तर ती अंगात शिरत नाही. बाहेरच फिरत राहते आणि लघवीवाटे निघून जाते. आत माणूस उपाशीच. म्हणून तर तहान आणि म्हणून ही भूक."

"इन्सुलिन नसेल तर ना?" मी म्हणाले. "तुम्हाला तर रोज मिळतंय."

"तेच मला कळत नाहीये. लागू पडत नाही. औषध खराब झालं असेल. नवी बाटली आणून बघू या का?"

"बाटली फ्रिजमध्ये आहे, तारीख पुढची आहे, मी बघितलंय," मी म्हणाले. "अण्णा, मधूनमधून काही खाणं होतंय का? एखादा तुकडा? असेल तर सांगा, कुणी रागावणार नाही."

त्यांनी ताटातले चिवड्याचे दाणे बोटाने गोळा केले. "नळी खोटं बोलत नाही," ते शेवटी म्हणाले. "मी आयुष्यभर पोरांना तेच सांगितलं. पण मीही खोटं बोलत नाहीये. दोन्ही खरं आहे, आणि ते कसं, ते मला उलगडत नाही. डॉक्टरांना दाखवू."

डॉक्टर बुरगुटे दिवाळीला गावी गेले होते. दवाखान्याच्या दाराला तशी पाटीच होती. भाऊबीज झाली की जाऊ, असं ठरलं. आणि खरं सांगायचं तर आईला आणि मला डॉक्टरांची गरज वाटतच नव्हती. काय झालंय ते आम्हाला माहीत होतं.

पाडव्याच्या दुपारी आई जेवून आडवी झाली होती. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. अण्णा मधल्या खोलीत कॉटवर होते, तिथून त्यांच्या उठण्याचा आवाज आला. मला वाटलं, पाणी प्यायला उठले असतील. मग स्वयंपाकघरात पत्र्याचं झाकण सरकल्याचा आवाज झाला. हळू, जपून सरकवल्याचा.

मी अनवाणीच आत गेले.

अण्णा ओट्याजवळ पाटावर बसले होते. पुढ्यात लाडवांचा डबा. झाकण काढून बाजूला ठेवलेलं. त्यांचा हात मनगटापर्यंत डब्यात होता आणि बोटांना बेसन लागलेलं होतं. ओठ हलत होते.

"अण्णा."

ते दचकले. हात बाहेर काढला नाही. "हेमा आहेस का? बरं झालं आलीस. ये, बस इथे. मी मोजतोय."

"काय मोजताय?"

"लाडू. तुझी आई म्हणाली होती ना, एकावन्न केलेत म्हणून. आठ शेजारी गेले, दोन तू खाल्लेस, तिने एक. चाळीस राहायला हवेत. मी चोवीसपर्यंत आलो होतो. आता चुकलं. तू मोज. तू मोजून तिला सांग. माझ्या मोजण्यावर तिचा विश्वास बसायचा नाही."

मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. नखांत बेसन होतं. सदऱ्यावरही थोडा चुरा पडला होता.

"मोज ना," ते म्हणाले.

"अण्णा," मी म्हणाले, "आता तरी खोटं बोलू नका."

मी ओरडले नाही. हळूच बोलले, आईला जाग येऊ नये म्हणून. मला तेव्हा वाटलं, मी त्यांची लाज राखतेय. मी डबा त्यांच्या पुढ्यातून उचलला, झाकण लावलं आणि वरच्या फळीवर, त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवला. त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली नाहीत. धुवायला मोरीवर गेले, आणि धुताना माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मोजायला काय हरकत होती, बेटा?"

त्या दिवशी संध्याकाळी आईने इंजेक्शन दिलं. दहाच्या खुणेपर्यंत. अण्णांनी बनियन वर धरली आणि काही विचारलं नाही.

भाऊबीजेला सकाळीच कुर्डुवाडीहून शकुआत्या आली. अण्णांची एकुलती एक बहीण, त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटी. त्यांना बघून तिने पिशवी दारातच ठेवली. "वहिनी, दादाची ही काय दशा?"

"विचारा तुमच्या दादालाच," आई म्हणाली. मग आत नेऊन तिने आत्याला सगळं सांगितलं. मी लाडवांच्या डब्याचं सांगितलं नव्हतं. आत्याने मला विचारलं, "तू बघितलंस का स्वतः?" आणि मग मी तेही सांगितलं.

ओवाळायला पाट मांडला. अण्णा पाटावर बसले आणि एका अंगाला कलले. त्यांना उलटी झाली. नंतर ते बोलायला लागले तर शब्द जड येत होते. श्वास धावून आलेल्या माणसासारखा लागला होता, खोल आणि न थांबणारा. मी तोंड पुसायला वाकले तेव्हा त्यांच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता.

शेजारच्यांच्या जीपने आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर बुरगुटे त्याच सकाळी परतले होते. त्यांनी श्वास बघितला, जीभ बघितली, रक्त तपासायला पाठवलं आणि सलाईन लावता लावताच विचारायला सुरुवात केली.

"इंजेक्शन चुकलं होतं का?"

"एकदाही नाही," आई म्हणाली.

"किती देता?"

"सकाळी वीस, संध्याकाळी दहा. आहे तेवढंच. वर्षानुवर्षं."

"ताप, खोकला?"

"नाही."

"मग खाण्यात काही?"

आईने मान खाली घातली. आत्या माझ्याकडे बघत होती. अण्णांचे डोळे मिटलेले होते आणि मला वाटलं, त्यांना ऐकू जात नाहीये.

"गोड खातात," मी म्हणाले. "लपून. मी पाहिलंय."

अण्णांनी डोळे उघडले. त्यांना मी दिसत असणं शक्य नव्हतं, पलंगाच्या पायथ्याशी उभी होते मी, पण त्यांनी बरोबर माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर त्यांच्यावर वाकले. "काय हो माळवदे, खाल्लंत का? खरं सांगा, म्हणजे मला उपचार करायला बरं."

अण्णांनी श्वास घ्यायला वेळ घेतला. "हो," ते म्हणाले. "खाल्ले. दोन खाल्ले." आणि मग, थोडं थांबून, "पोर सांगतेय ते खरं आहे."

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. आत्याने तिला जवळ घेतलं. मला काय वाटलं तेही सांगते, कारण मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

साखर सहाशेच्या वर निघाली. दुपारी अँब्युलन्सने सोलापूरला हलवलं. तिथे त्यांना शिरेतून इन्सुलिन सुरू केलं. साखर उतरायला लागली, पण तोवर मूत्रपिंडांनी हात टेकले होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हृदय थांबलं. अँब्युलन्समध्येच त्यांची शुद्ध गेली, ती परत आली नाही. त्यामुळे दवाखान्यातलं ते वाक्य हेच त्यांचं आमच्याशी शेवटचं बोलणं.

तेरावा झाल्यावर आईने फळीवरचा लाडवांचा डबा भांडीवाल्या बाईंना देऊन टाकला. मला मोजायची इच्छा झाली होती. डब्याला हातही लावला होता. पण मग वाटलं, आता कशाला.

पुण्याला येताना मी उरलेल्या सिरिंजा बरोबर आणल्या. साठेक उरल्या होत्या. कुणा गरजूच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून मी घराजवळच्या औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवर सत्तरीचे एक गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी खोकं उघडलं, एक सिरिंज बाहेर काढली आणि मान हलवली.

"ताई, या आपल्याकडे कुणाला देता येणार नाहीत."

"का? न वापरलेल्या आहेत."

"ते दिसतंय. पण या शंभरच्या आहेत." त्यांनी मागच्या फ्रिजमधून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. अगदी आमच्यासारखीच. "हे बघा, आपल्याकडची बाटली चाळीसची. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. तिला सिरिंजही चाळीसचीच लागते, लाल टोपणाची. तिकडे अमेरिकेत औषध शंभरचं, घट्ट. त्याची ही सिरिंज, नारिंगी टोपणाची. हिच्यावरच्या खुणा त्या घट्ट औषधाच्या हिशेबाने आहेत. आता हिने आपलं पातळ औषध भरलं..." त्यांनी नखाने खूण दाखवली. "समजा वीसपर्यंत ओढलं. आकडा वीस दिसेल, पण आत औषध आठच युनिट."

"आठ," मी म्हणाले.

"आठ. निम्म्याहूनही कमी. आठवड्यात, पंधरवड्यात माणूस झिजायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं पथ्य पाळत नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "कुणी वापरल्या का या?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. एवढं आठवतं, की मी हिशेब करत होते. दहाचे चार होतात. तीसच्या जागी बारा. म्हणून बाटली संपली नाही. आई ते मला म्हणाली होती, फ्रिजचं दार उघडं होतं आणि अण्णा मधल्या खोलीत होते. ती थोडं मोठ्याने बोलली असती, बाटली तेरा दिवसांऐवजी वीस दिवस पुरली एवढंच त्यांच्या कानावर गेलं असतं, तर त्या माणसाने जागच्या जागी सगळं ओळखलं असतं. एकतीस वर्षं त्यांनी मोजमापंच केली होती.

मी खोकं उचललं आणि घरी आले. आईला काही सांगितलं नाही. कसं सांगणार, असं स्वतःला म्हणत राहिले. औषध तिच्या हाताने गेलं होतं. भाकरी तिने कमी केली होती. सांगितलं तर ती जगेल का? हे मी इतक्यांदा म्हटलं, की मला ते खरं वाटायला लागलं. त्या काळजीखाली माझं माझंही बरंच झाकलं जात होतं.

आणि आई ती गोष्ट सांगत राहिली. दर दिवाळीला, दर श्राद्धाला. आधी रडून, मग हसून, मायेने. "माणूस देवासारखा, पण गोडापुढे हरला. शेवटी कबूल केलं हो त्यांनी, दोन खाल्ले म्हणाले." ऐकणारे हळहळायचे. मी तिथेच बसलेली असायची. दुपारी घरात कुठे पत्र्याचं झाकण सरकलं की माझा हात आहे तिथे थांबायचा, आणि आतून कुणीतरी पुटपुटल्यासारखं व्हायचं, बावीस, तेवीस, चोवीस. पुढे मोजणं जायचंच नाही. नऊ वर्षं मी बेसनाचा लाडू तोंडात घातला नाही. आईला वाटायचं, मला वजनाची काळजी.

आठव्या वर्षी आईलाच साखर निघाली. तोवर ती माझ्याकडे पुण्याला राहायला आली होती. वर्षभर गोळ्या झाल्या, मग डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. तिची पहिली बाटली आणि सिरिंजा मीच आणल्या. दुकानात लाल टोपण आणि चाळीसचा आकडा तीनदा बघितला. घरी येऊन औषध भरायला घेतलं आणि भरलेली सिरिंज दोनदा परत बाटलीत रिकामी केली.

आई खुर्चीवर बसून बघत होती. "भिऊ नकोस गं. मी किती वर्षं दिलंय." मग हसली. "आणि माझ्यावर नजर ठेव हं. नाहीतर मीही चोरून खाईन तुझ्या अण्णांसारखी."

मी सिरिंज खाली ठेवली.

"आई, अण्णांनी खाल्लं नव्हतं."

"काय?"

मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि सांगितलं. शंभरचं काय, चाळीसचं काय. मी आणलेलं खोकं. विसाचे आठ कसे होतात. बाटली का पुरली. पाडव्याच्या दुपारी ते डब्यात हात घालून मोजत होते, आणि मला मोजायला सांगत होते, आणि मी मोजले नाहीत. सांगताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, तिच्या पावलांकडे बघत होते.

मग तिने विचारलं, "एकही नाही?"

"एकही नाही."

"पण ते डॉक्टरांना म्हणाले की."

"मी म्हणाले म्हणून म्हणाले."

ती उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ती मला काहीतरी म्हणेल. म्हणावं असं मला फार वाटत होतं. पण ती माझ्याशी बोलतच नव्हती.

"म्हणजे त्यांना भूक लागत होती," ती म्हणाली. "खरंच भूक लागत होती."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवायला लागली. इंजेक्शनही घेऊ लागली, वेळच्या वेळी. तो विषय तिने माझ्याजवळ परत काढला नाही आणि मीही काढला नाही.

पुढच्या वैशाखात शकुआत्याच्या नातवाचं लग्न होतं, कुर्डुवाडीला. जेवणाच्या पंगतीत आई, आत्या आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. समोरच्या रांगेत आत्याच्या सासरची माणसं होती. वाढपी जिलबी घेऊन आला. आईने पानावर हात आडवा धरला.

"यांनाही साखर आहे का?" समोरच्या एका बाईंनी विचारलं.

"आहे ना," आत्या म्हणाली. "पण वहिनी पथ्याच्या पक्क्या. आमच्या दादाला तेच जमलं नाही. गोडापायी गेला बिचारा. दवाखान्यात माझ्यादेखत कबूल केलं, लाडू खाल्ले म्हणून."

बाईंनी मान हलवली. सगळे पानाकडे वळले. तेवढ्यात आई बोलली. आवाज अगदी साधा होता, मीठ वाढा म्हणावं इतका.

"नाही वन्सं. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्यांना औषध कमी पडलं."

"असं कसं? तुम्हीच तर देत होतात."

"मीच देत होते ना. नव्या सिरिंजा होत्या, मला त्यांच्या खुणा कळल्या नाहीत. माझ्याच हातून कमी गेलं." आईने पाण्याचं भांडं उचललं, एक घोट घेतला आणि खाली ठेवलं. "तुमचे दादा खोटं बोलले नाहीत कधी. ते तेवढं एकदा बोलले, ते आमच्यासाठी."

आत्या आईकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा विचारत होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की सिरिंजा मी आणल्या होत्या. चार शब्द. समोरचे सगळे थांबले होते, आई थांबली नव्हती, ती वरण कालवत होती.

वाढपी पुन्हा आला. त्याने माझ्या पानात दोन जिलब्या वाढल्या, आणि मी त्या खाल्ल्या.